ओसरीवरून : दुसरा गडी

कामशेतास पावसाळा सरतां सरतां मोठी निवांत हवा असते. इंद्रायणीचें गढूळ पाणी निवळूं लागतें, नाणे मावळाकडे भाताच्या लोंब्या पिवळ्या पडतात, आणि सायंकाळची लोकल लोणावळ्याकडे निघून गेली म्हणजे स्टेशनापलीकडील गलबलाहि थांबतो. अशा वेळीं ओसरीवर बसून कांहीं वाचावें, हा आमचा नित्याचा क्रम. परंतु २०२५ सालीं ऑक्टोबरच्या ३१ तारखेस तो पार मोडला. पुणेरी पलटण दिल्लीच्या संघाशीं प्रो कबड्डी लीगचा अंतिम सामना खेळत होती, आणि आमच्या घरांतील झाडून सारी मंडळी दूरचित्रवाणीपुढें जमली होती. पलटण ३१ विरुद्ध २८ अशी, म्हणजे अवघ्या ३ गुणांनीं हरली. त्या रात्रीं आमच्याकडे जेवणें झालीं तीं केवळ अन्नाचा अपमान नको म्हणून.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमचे एक स्नेही काठी टेकीत आले. पूर्वीं ते रेल्वेंत होते. त्यामुळें कोणत्याहि अपघाताची चौकशी करून दोषी कोण तें ठरविण्याची त्यांस संवय आहे. पायरीवरूनच ते म्हणाले, "पाहिलेंत ना? तुमच्या पलटणीला बचाव आहे. पण चढाईला वाघ कोठें आहे? दोन कोटि टाका, एक वाघ आणा, आणि मग पहा!" आम्हीं चहा मागविला. उत्तर मात्र तेव्हां सुचलें नाहीं. चांगलीं उत्तरें आम्हांस नेहमीं पाहुणे फाटकाबाहेर गेल्यावर सुचतात. तें येथें देतों.

आमच्या ज्या वाचकभगिनींनीं हा खेळ हुतूतू या नांवानें लहानपणीं अंगणांत पाहिला असेल, त्यांस त्याचें मूळ सांगावयास नको. एक गडी मध्यरेषा ओलांडून शत्रूच्या अंगणांत जातो. कोणास शिवून परत आला तर शिवलेले गडी बाद, धरला गेला तर तो स्वतः बाद. पूर्वीं दम टिकेल तोंवर चढाई चाले, आतां लीगमध्यें ३० सेकंदांची मर्यादा आहे, आणि मातीच्या जागीं मॅट आली आहे. परंतु या खेळाची खरी मख्खी निराळीच आहे. बाद झालेला गडी कायमचा जात नाहीं. तो कडेला बसून राहतो, आणि आपल्या संघानें समोरचा एखादा गडी बाद केला कीं पुन्हां आंत येतो. बोनस रेषा ओलांडून मिळालेला गुण फलकावर चढतो खरा, पण त्यानें कोणी जिवंत होत नाहीं. आतां विचार करा, ज्या संघाची सारी चढाई एकाच गड्याच्या पायांवर उभी आहे, त्याचा तो गडी एकदां धरला गेला कीं पुढें काय? तो स्वतःला आंत आणूं शकत नाहीं. त्याला आणावयाचें तें दुसऱ्या-तिसऱ्यानें. शिवाय लागोपाठ दोन चढाया रित्या गेल्या तर तिसरीला गुण मिळवावाच लागतो, नाहीं तर जाणारा बाद. आणि नेमकी ती वेळ येते तेव्हां वाघ कडेला टॉवेल घेऊन बसलेला असतो. त्यांतहि, एकाच गड्याची चढाई म्हणजे रोज त्याच वाटेनें, त्याच वेळीं येणारा दूधवाला. गल्लींतल्या कुत्र्यालाहि त्याचें पाऊल ओळखूं येतें. मग कोपऱ्यावरच्या गड्यांना कां येणार नाहीं?

आमचा अमेरिकेंतील भाचा तिकडील फुटबॉलचा भक्त आहे. तो खेळ हातांनीं खेळतात आणि त्यास फुटबॉल म्हणतात, हें आम्हांस अद्याप पटलेलें नाहीं. पण त्याचें रडगाणें ऐकलें कीं तें आमचेंच वाटतें. चेंडू झेलणारा एकच भरवशाचा असला कीं समोरचे दोघे त्याला चिकटतात, आणि मग फेंकणारा कितीहि निष्णात असो, त्याचा चेंडू जाणार कोठें?

पलटणीचा इतिहास पाहिला तर आमचें म्हणणें ध्यानांत येईल. २०१४ सालीं लीग सुरू झाली तेव्हांपासून हा संघ आहे, आणि पहिल्या दोन हंगामांत तो तळाशीं होता; त्या काळीं आम्ही कबड्डीचा विषय निघाला कीं पिकापाण्याकडे वळत असूं. पुढें २०२२ सालीं तो प्रथमच अंतिम सामन्यास पोंचला. परंतु ऐन वेळीं अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे चढाईचे दोन्ही मोहरे दुखापतीनें बाहेर. उपांत्य सामना तमिळ थलायवाजशीं होता. त्यांत पंकज मोहिते एकटा १६ गुण घेऊन आला, आणि पलटणीनें तो ३९-३७ असा जिंकला. अंतिम सामना जयपूरनें ३३-२९ असा नेला. परंतु दोन मुख्य गडी नसतां ४ गुणांपर्यंत झुंजणारा संघ पाहून आम्हांस त्या पराभवाचें दुःख फारसें झालें नाहीं.

आणि मग तो २०२३-२४ चा हंगाम! साखळींत २२ सामन्यांपैकीं १७ जिंकले, २ हरले, ३ बरोबरींत. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पाडाव करून पलटणीनें पहिलें अजिंक्यपद मिळविलें. आमच्या स्नेह्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या हंगामांत चढाईचे सर्वांत अधिक गुण मिळविणारा गडी दिल्लीचा आशू मलिक होता, आमचा नव्हे. आमच्याकडे कर्णधार अस्लम चढाईहि करी आणि पकडहि करी, आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचाच गौरव झाला. मोहित तसाच दोन्हीं हातांचा. पंकज तिसरा. अंतिम सामन्यांत एका चढाईंत ४ गुण आणून पारडें फिरविलें तें पंकजनें, आणि त्याचे एकूण गुण ९ झाले. कोपऱ्यावर इराणचा मोहम्मदरेझा शादलुई होता, त्याचा वांटा कोण नाकारील? पण चढाईपुरतें बोलावयाचें तर समोरच्यानें धरावें कोणाला, हाच प्रश्न सुटत नव्हता.

त्याच हंगामांत तेलुगू टायटन्सनीं पवन सेहरावत या गड्यासाठीं २ कोटि ६० लाखांहून अधिक रुपये मोजले होते. वाघ म्हणावयाचा तर तो खराच वाघ. त्याचे स्वतःचे गुण कांहीं कमी नव्हते. संघानें मात्र २२ पैकीं २ सामने जिंकले आणि तळ गांठला. हें आम्हीं सांगतांच स्नेही म्हणतील, "मग २०१७ चें पाटणा?" खरें आहे. प्रदीप नरवालनें त्या वर्षीं चढाईचे ३६९ गुण एकट्यानें आणले आणि पाटण्यानें लागोपाठ तिसरें अजिंक्यपद घेतलें. येथें आमचा सिद्धांत लंगडा पडतो, हें आम्ही कबूल करतों. परंतु असा गडी पैसे टाकून दरवर्षीं बाजारांत मिळत नाहीं, आणि मिळाला तरी त्याचे गुडघे तुमच्याआमच्यासारखेच हाडामांसाचे असतात.

गुडघ्यांचें नांव निघालें, तर आतां तें सांगितलेंच पाहिजे.

२०२४ च्या नोव्हेंबरांत अस्लम दुखापतीनें हंगामाबाहेर गेला, आणि गतवर्षींचा विजेता संघ पहिल्या सहांतहि आला नाहीं. त्याच दिवसांत आमच्या धाकट्या पुतण्याचा गुडघा सरावांत मुरगळला. वय सतरा, गांवच्या संघाचा पहिला चढाईपटू; किंबहुना एकुलता एक. डॉक्टरांनीं तपासून सहा आठवडे मैदानाचें नांव काढूं नको म्हणून बजाविलें. चौथ्या आठवड्यांत नाणे मावळांतील एका गांवीं कापणी झालेल्या भातखाचरांत दिवे लावून सामने भरले. संघाचीं मुलें ओसरीवर आलीं. तो नुसता बाजूला बसला तरी समोरच्यांना धाक राहील म्हणालीं. वहिनींची मुळींच तयारी नव्हती. शेवटीं त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बरोबर आहां म्हणून पाठवतें. तो बसूनच राहील ना?" आम्हीं होय म्हटलें.

तो बसून राहिला, ही गोष्ट खरी. शेवटचीं दोन मिनिटें राहीपर्यंत. त्याच्या जागीं स्टेशनाबाहेर भाजी विकणाऱ्या बाईचा मुलगा चढाया करीत होता. काटकुळा पोरगा, त्यानें बोनसचे दोन-तीन गुण आणले होते, आणि तितक्याच वेळां तो धरलाहि गेला होता. आमचा संघ एका गुणानें मागें, दोन चढाया रित्या, आणि तिसरी आमची. कर्णधारानें भाजीवालीच्या मुलाकडे पाहिलें, मग पुतण्याकडे पाहिलें. पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें.

आम्हीं मान डोलावली नाहीं. पण नकारहि दिला नाहीं. खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं आम्हांस तो गुण हवा होता.

तो उठला, आंत गेला, डाव्या कोपऱ्याला शिवला आणि त्याच दुखऱ्या पायावर गर्रकन् वळला. हात मध्यरेषेपलीकडे पडला, गुण मिळाला. सारें शिवार ओरडूं लागलें. तो मात्र उठला नाहीं. सामना पुढें आमच्या मुलांनीं जिंकला असें ऐकलें. आम्हीं तो पाहिला नाहीं, आम्ही तेव्हां गाडींत होतों. गुडघ्यांतील बंध तुटला होता. पुण्यास शस्त्रक्रिया झाली, कुबड्या आल्या, बारावीच्या परीक्षेस तो खुर्चीवर पाय ठेवून बसला. या सर्व काळांत वहिनींनीं आम्हांस एकच वाक्य ऐकविलें, तेंहि पहिल्याच रात्रीं, आणि आवाज न चढवितां : "तुम्ही होतां ना तेथें?"

म्हणून पलटणीनें वाघ आणावा कीं नाहीं, हा आमच्या दृष्टीनें निव्वळ गंमतीचा वाद राहिलेला नाहीं. २०२५ च्या हंगामाकडे आम्हीं याच नजरेनें पाहिलें. नवा शिक्षक अजय ठाकूर, स्वतः नांवाजलेला चढाईपटू आणि भारताचा माजी कर्णधार. चढाईला पोरगा आदित्य शिंदे. त्यानें तेलुगू टायटन्सविरुद्धच्या बाद सामन्यांत २२ गुण आणले आणि पलटण ५०-४५ अशी जिंकली; त्या दिवशीं पंकजहि त्याच्या खांद्याला खांदा लावून होता. पण अंतिम सामन्यांत आदित्यनें १० गुण मिळविले आणि त्याच्या जोडीला चढाईंत दुसऱ्या कोणाचें नांव तितकें ऐकूं आलें नाहीं. उलट दिल्लीकडे पहा. त्यांचा आशू मलिक म्हणजे स्नेह्यांच्या व्याख्येप्रमाणें अस्सल वाघ. तरी त्या रात्रीं दिल्लीला तारलें तें नीरज नरवाल आणि अजिंक्य पवार यांनीं. आमचीच २०२४ ची विद्या त्यांनीं आमच्यावर चालविली. पलटण वाघ नव्हता म्हणून हरली नाहीं; त्या एका रात्रीपुरती ती एकाच वाघाची झाली होती, म्हणून हरली, असें आमचें मत आहे. आदित्य धरला जाऊन कडेला बसला, तेव्हां आमचा पुतण्या पडद्यावरची नजर न काढतां म्हणाला, "काका, आतां दुसरा कोण?"

तो आतां चालतो, जिनाहि चढतो. धांवण्यास परवानगी मिळाली आहे, वळण्यास नाहीं. दिवाळी झाल्यापासून रोज चार वाजतां मागच्या खळ्यावर चुन्याच्या रेषा आंखून तो भाजीवालीच्या मुलास शिकवितो. बोनस रेषेपलीकडे एक पाय टाकतांना दुसरा हवेंत कसा ठेवावयाचा, कोपरा पुढें सरकला म्हणजे खांदा कोणीकडे वळवावयाचा, आणि मुख्य म्हणजे रिकाम्या हातानें परत येण्याची लाज कशी धरावयाची नाहीं. आमच्या मतें ही शेवटची विद्या सर्वांत अवघड आहे. मुलगा तापट आहे, ऐकत नाहीं. पहिल्या आठवड्यांत दोनदां रुसून घरीं गेला. आई भाजीची पाटी आवरून येतांना त्याला पुन्हां आणून सोडते.

परवां आमचे रेल्वेचे स्नेही आले ते थेट खळ्यापाशींच जाऊन उभे राहिले. मुलगा तीनदां धरला गेला. "याला घेऊन तुम्ही जिंकणार?" ते म्हणाले. चौथ्या वेळीं त्यानें उजव्या कोपऱ्याला शिवून मध्यरेषा गांठली, आणि पोरांनीं एकच गिल्ला केला. स्वयंपाकघरांतून वहिनी लगबगीनें मागच्या दारांत आल्या. हात पिठाचे, चेहरा पांढरा.

"कोण गेला होता चढाईला?"

"दुसरा," आम्हीं म्हटलें.

त्यांनीं खळ्याच्या कडेला बसलेल्या मुलाकडे एकवार पाहिलें, आणि आंत जातां जातां स्नेह्यांना विचारलें, साखर किती घालूं?