आखाती मापाने कॅनडा मोजू नका

गेल्या उन्हाळ्यात आमचा एक चुलत पुतण्या वही घेऊन आमच्या ओट्यावर आला. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढलेली. डावीकडे 'येथे', उजवीकडे 'तेथे'. तेथे म्हणजे कॅनडा. त्याची पत्नी मुंबईतील एका रुग्णालयात परिचारिका, मूल तीन वर्षांचे, घरी विधवा आई आणि मागे केळी-पानवेलीची लहानशी वाडी. ''काका, एकदा नजर घाला,'' तो म्हणाला. आम्ही नजर घातली. डावीकडे विरार लोकल, धूळ, टँकरचे पाणी, खड्डे, पगार. उजवीकडे स्वच्छ हवा, मुलाची शाळा फुकट, औषधोपचार फुकट, पत्नीला लगेच नोकरी आणि तासाला हजार रुपये. पान वाचून आम्हांस राग आला. त्याच्यासमोर तो आम्ही गिळला. तो येथे काढीत आहोत.

तो जाऊ पाहतो म्हणून हा राग नाही, हे आधीच सांगतो. राग आहे तो त्या वहीवर. आज आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत अशी वही आहे, आणि तिला तुलना म्हणण्याची चाल पडली आहे. ही तुलना नव्हे. डावीकडे रोज अंगावर झेललेली वसई आहे, उजवीकडे फोटोत पाहिलेला कॅनडा. निकाल आधी लागला आहे. पुरावे मागाहून गोळा केले आहेत. डाव्या रकान्यात वाडी नव्हती, राहते घर नव्हते, रात्री-अपरात्री हाकेला धावणारा शेजार नव्हता. ह्या गोष्टींना पैसे पडत नाहीत, म्हणून त्या जमेस धरायच्या असतात हेच त्याच्या ध्यानात आले नाही.

ही हिशोबाची रीत त्याने शोधलेली नाही. ती त्याला वारशाने मिळाली आहे आणि ती आमच्या पिढीची आहे. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि त्यानंतर वसईची माणसे बहारीन, कुवेत, दुबई, मस्कतला जाऊ लागली. कोणी फिटर, कोणी सुतार, कोणी कारकून. राहण्याची सोय बहुधा कंपनीची, प्राप्तिकर नाही. बायकामुले येथे, म्हातारी येथे, मुलांची शाळा येथे. दिनार तेथे मिळे आणि रुपया होऊन येथे खर्च होई. तेव्हा दिनाराला रुपयांनी गुणणे हा अगदी बरोबर हिशोब होता. त्याच गुणाकारावर कौलारू घरांवर स्लॅब पडले, बहिणींची लग्ने झाली, भावंडे शिकली. आम्ही त्याची थट्टा करणार नाही. आमच्या स्वतःच्या घराचा वरचा मजला त्याच गुणाकाराचा आहे. त्या माणसांनी बंद खोल्यांत एकट्याने काढलेली वर्षे मात्र कोणत्याही वहीत लिहिली गेली नाहीत, आणि त्यांच्या पत्नींनी येथे काढलेली तर त्याहून नाहीत.

परंतु त्या हिशोबात एक गोष्ट न बोलता धरलेली होती : माणूस परत येणार. परक्या कामगाराला नागरिक करून घेण्याचे तेथील राज्यकर्त्यांच्या मनातही नव्हते. हात चालेनासे झाले की विमानात बसायचे आणि आपल्या बावखलाच्या काठी येऊन टेकायचे. कॅनडाचे सारे उलट आहे. तेथे बायकामुलांसह जायचे, तेथेच कमवायचे, तेथेच खर्चायचे आणि बहुतेकांच्या बाबतीत तेथेच मातीआड व्हायचे. ज्या मापाने आखात मोजले त्याच मापाने कॅनडा मोजणे म्हणजे पायलीने कापड मोजणे होय.

तासाला हजार रुपये हा आकडा कोठून आला ते पाहा. ऑन्टॅरिओ प्रांतात २०२४च्या ऑक्टोबरात किमान वेतन तासाला १७.२० डॉलर झाले. कॅनडाच्या डॉलरला साठ रुपये धरले की १,०३२ रुपये होतात. गुणाकार चुकलेला नाही, गुणाकार करणेच चुकले आहे. त्या दराने आठवड्याचे ४० तास वर्षभर राबणाऱ्यास, कर कापण्यापूर्वी, महिन्याला ३,००० डॉलरही पडत नाहीत; आणि टोरांटोच्या परिसरात एका शयनगृहाच्या घराचे भाडे दोन हजार डॉलरांच्या मागेपुढे असते. म्हणून तर नवी कुटुंबे तळघरात बिऱ्हाड करतात. केस कापायचे तेही डॉलरांतच. त्यातून तेथे बहुतेक वस्तूंवर १३ टक्के विक्रीकर गल्ल्यावर वेगळा चढतो. आपल्याकडे पाकिटावर छापलेल्या किमतीत कर आलेला असतो, त्यामुळे नवख्याला पहिले काही दिवस प्रत्येक बिल चुकल्यासारखे वाटते.

औषधोपचार फुकट. हेही अर्धेच खरे. १९८४च्या कॅनडा आरोग्य कायद्यान्वये तेथील रहिवाशाला डॉक्टरचे आणि रुग्णालयाचे बिल भरावे लागत नाही. ही लहान गोष्ट नव्हे. खाजगी रुग्णालयाच्या बिलापायी ज्यांनी दागिने मोडले त्या वसईकरांनी तरी तिला कमी लेखू नये. पण रुग्णालयाबाहेर घ्यायची औषधे, दात, चष्मा हे त्या कायद्यात येत नाहीत, आणि लाखो लोकांस कायमचा कुटुंबवैद्य मिळालेला नाही. 'पत्नीला लगेच नोकरी' ह्या शब्दांतील 'लगेच' तर सर्वांत आधी खोडावा. येथील प्रमाणपत्रांची छाननी, इंग्रजीची परीक्षा, २०१५पासून बहुतेक प्रांतांत लागू झालेली एनक्लेक्स-आरएन परीक्षा, मग प्रांताची नोंदणी. तोवर अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षे काम केलेली आपली मुलगी वृद्धाश्रमात मदतनीस होते. ते काम हलके आहे असे आम्ही म्हणत नाही. ती मात्र ते काम करायला निघालेली नसते, आणि तिला तसे कोणी सांगितलेले नसते.

आपण दोन देशांची तुलना करीत बसतो तेव्हा तो देशही आपली तुलना करीत असतो, आणि ती फार काटेकोर असते. २०१५च्या जानेवारीपासून 'एक्स्प्रेस एन्ट्री' नावाची पद्धत चालू आहे. तीत माणसाला १,२०० पैकी गुण देतात. वयाचे पूर्ण गुण २० ते २९ वर्षांपर्यंत. पुढे ते घसरत जातात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. इंग्रजीला गुण, पदवीला गुण, जोडीदाराच्या शिक्षणाला गुण. सख्खा भाऊ किंवा बहीण तेथे राहत असेल तर १५ गुण. येथे मागे राहणाऱ्या आईसाठी ना गुण वाढतो ना कापला जातो. ती त्या गणितातच नाही. परक्या सरकारच्या गणितात ती नसणे समजू शकते. पण आमच्या पुतण्याच्या वहीतही ती नव्हती, येथे नाही आणि तेथे नाही.

''आईला मागाहून बोलावून घेऊ,'' असे सर्वच म्हणतात. म्हणणारे खोटे बोलत नाहीत, त्यांना ठाऊक नसते. आईवडिलांना कायमचे नेण्यासाठी कॅनडाने २०२० साली मुलांकडून इच्छापत्रे भरून घेतली आणि पुढे २०२५पर्यंत त्याच गठ्ठ्यातून निवडलेल्यांना बोलावणी धाडली. जो २०२१ साली तेथे पोहोचला त्याला त्या काळात अर्जाचा कागदही हाती धरता आला नाही. दुसरा मार्ग 'सुपर व्हिसा'चा. २०२२पासून त्यावर एका वेळी पाच वर्षे राहता येते. पण सरकारी आरोग्यसेवेचा हक्क नाही, किमान एक लाख डॉलरचा खाजगी विमा उतरवावा लागतो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या विम्याचा हप्ता काय असतो हे चौकशी केल्याशिवाय कळत नाही. विमा उतरवला, आई गेली, तर ती काय करते? दोघे कामावर गेल्यावर नातवंडे सांभाळते. खिडकीतून बर्फ पाहते. रस्ता ओलांडायचा तर मुलाची वाट पाहते. जिने पन्नास वर्षे पहाटे उठून वाडीतील भाजी बाजारात नेली, हिशोब तोंडपाठ ठेवला, भाव पाडणाऱ्या दलालाशी चार हात केले, तिला तेथे दूध आणायलाही सोबत लागते. काहीजणी रमतात, हेही आम्ही पाहिले आहे. पण तिला कोणी विचारले होते का?

आता सातबाऱ्याकडे येऊ. कारण वही कितीही उडत असली तरी तिचा पैसा ह्याच कागदातून निघतो. विद्यार्थी म्हणून जाणाऱ्याने निर्वाहासाठी दाखवायची रक्कम १ जानेवारी २०२४ रोजी १०,००० डॉलरांवरून २०,६३५ डॉलर झाली आणि त्यानंतर आणखी वाढली, शिक्षणशुल्क वेगळे. एवढी रोकड कोणाच्या पेटीत असते? मग दोन-चार गुंठे जातात. विकत घेणारा केळी लावण्यासाठी घेत नाही, हे सांगायला नको. बावखल बुजते, माडाच्या जागी इमारत उभी राहते आणि २०१८च्या जुलैत वसई दिवसचे दिवस पाण्याखाली गेली तसे पुन्हा झाले की आपणच विचारतो, हे पाणी येथे कसे आले.

पुढचे अधिक महत्त्वाचे. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. कॅनडाची शपथ घेतली की भारताचे नागरिकत्व संपले. २००५पासून मिळणारे 'ओसीआय' कार्ड हे नागरिकत्व आहे असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. तो खोटा आहे. त्या कार्डावर येता-जाता येते, राहता येते, सदनिका घेता येते. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वाडी वारशाने येऊ शकते, पण एकदा विकलेली वाडी परत घेण्याचा रस्ता बंद. त्यातून १९४८च्या कूळकायद्याने महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा साधारणपणे शेतकरीच असावा लागतो. आखातातून परतलेल्या माणसाला वाडी होती म्हणून तो परतला. कॅनडात गेलेला माणूस साठीला परतायचे म्हणेल तेव्हा त्याच्या हाती कार्ड असेल, सातबारा नसेल. ज्या हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरची सामान्य माणसे रस्त्यावर उतरली, ती आपण अशी गुंठ्यागुंठ्याने विमानाच्या तिकिटांवर खर्चीत आहोत.

आणि ज्या देशासाठी हे सारे, तो देश तरी एका जागी उभा राहतो काय? २०२५ साली पाच लाख नवे कायम रहिवासी घेऊ असे कॅनडाने आधी ठरवले होते. २०२४च्या ऑक्टोबरात तो आकडा ३,९५,००० वर आणला. नोकरीचा देकार हाती असल्याबद्दल मिळणारे गुण २०२५च्या मार्चमध्ये काढून टाकले. त्याच गुणांसाठी कित्येकांनी दलालांना पैसे मोजले होते. आपल्या गोव्याच्या बांधवांनी १९६१पूर्वीच्या जन्माच्या आधारावर पोर्तुगीज पारपत्रे काढली ती बहुतांशी इंग्लंडला जाण्यासाठी; २०२० संपले आणि नव्याने जाणाऱ्यांसाठी तो दरवाजाही मिटला.

येथपर्यंत वाचून काही वडीलधारे माना डोलावतील, 'बघा, आम्ही सांगतच होतो, आपली मायभूमी ती आपली मायभूमी.' त्यांची साथ आम्हांस नको. ह्यांतील कित्येकांची मुले मिसिसागात नि ब्रॅम्प्टनमध्ये आहेत, आणि नाताळात त्यांनी पाठवलेल्या वस्तू शेजाऱ्यांना दाखवताना मायभूमी आठवत नाही. जाणे हे पाप नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली इंग्लंडातला माणूस गोव्यास आला तो परत गेला नाही. १६१६ साली त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले ते मराठीत. गेला तेथला झाला. तसा जाणारा जाईल तर आम्ही टोपी काढू. शिवाय त्या तरुणाच्या डाव्या रकान्यातली धूळ आणि खड्डे खोटे नाहीत. रात्री उशिरा कामावरून एकटी परतणारी मुलगी येथे जीव मुठीत धरून चालते, हेही खोटे नाही. तेथे कष्टाला मान आहे, असे जो तो येऊन सांगतो. असेल. मग वाडीत दिवसभर राबणाऱ्या मजुराला आपल्या ओट्यावर खुर्ची द्यायला आपला हात कोणी धरला होता?

आमचा आक्षेप एवढाच की खरे कोणी सांगत नाही. दलाल सांगणार नाही, ते त्याचे पोट आहे. पण आपलीच माणसे नव्या मोटारीशेजारी उभे राहून फोटो पाठवतात. मोटार हप्त्यावर आहे, पहाटे चारला गोदामात जावे लागते, पहिल्या हिवाळ्यात पत्नी रोज रडत होती, हे कोणी पाठवत नाही. आणि जे जाऊन परत आले त्यांना गावात 'हरून आला' म्हणतात, म्हणून तेही तोंड उघडत नाहीत.

पुतण्याला आम्ही ''जाऊ नकोस'' म्हटले नाही. त्याच्या वहीत तिसरा रकाना ओढून वर 'आई' लिहिले आणि ते पान आम्ही न भरता तिच्याकडून भरून आण म्हणालो. तो काही बोलला नाही. वही घेऊन गेला.

ह्या पानांवरून आता तेथे असलेल्यांस आणि विशेषतः परत आलेल्यांस विनंती आहे. पहिल्या वर्षाचा जमाखर्च लिहून पाठवा : भाडे किती, कामाचे तास किती, शिकलेले काम मिळायला किती काळ लागला, घरी काय सांगितले आणि काय लपवले. डॉलर डॉलरांतच लिहा. नावे छापण्याची गरज नाही. पुतण्याच्या पत्नीची कागदपत्रे छाननीसाठी अजून जायची आहेत. त्याआधी चार पत्रे आली तर बरे.