हसवण्याचे श्रममूल्य

भंडारा जिल्ह्यात विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. ती अपुरी असते, छाटही सोसावी लागते. तरी त्या श्रमाला दर आहे. त्या कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याच जिल्ह्यातील वाचनालयात दिवाळी अंक उघडणारा वाचक अनेकदा आधी हास्यचित्रे पाहतो. त्यांचा मोबदलाही नगावरच. मात्र तेथे किमान दर नाही.

वसंत सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत अभियंता होते. चंद्रपूरचे मनोहर सप्रे प्राध्यापक. शि. द. फडणीस (१९२५-२०२५) यांनी चित्रकलाच व्यवसाय मानला. पण हास्यचित्रांच्या जोडीला पुस्तकांची मुखपृष्ठे आणि शालेय गणिताच्या पुस्तकांतील चित्रेही काढली. शब्दाविना हसवणारे चित्र पाहण्यास क्षण लागतो, सुचण्यास कित्येक दिवस. बाजार मात्र रेषा मोजतो, विचार मोजत नाही.

कलेचे मोल पैशात करू नये, असा उपदेश होतो. कागदवाल्याला आणि छापखान्याला तो कोणी करीत नाही! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने रेखाचित्राला कलाकृती मानले आणि कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क दिला. आज मोबाइलवर तीच चित्रे सही कापून फिरतात.

नियतकालिकांनी चित्राचा आणि पुनर्मुद्रणाचा दर आधी जाहीर करावा, सही अबाधित ठेवावी. ही मेहेरबानी नव्हे, मजुरी आहे.