दोन बहिणी व तीन सिंहासनें

राजघराण्यांत सोयरीक जुळली म्हणजे दोन देशांतील वैर मिटतें, अशी समजूत युरोपांत फार दिवस होती. ती कितपत खरी, हें पाहावयाचें असल्यास डेन्मार्कच्या दोन बहिणींचें चरित्र वाचावें.

थोरली अलेक्झांड्रा १८४४ सालीं व धाकटी डॅगमार १८४७ सालीं जन्मली. त्यांचे पिताजी ख्रिश्चन हे १८६३ सालीं राजे झाले. तत्पूर्वीं त्यांची राहणी इतकी बेताची होती कीं, ह्या मुली आपले कपडे स्वतः शिवीत. (शिवणाच्या तासास कंटाळणाऱ्या आमच्या भगिनींनीं हें ध्यानांत घ्यावें!) त्याच वर्षीं अलेक्झांड्रेचा विवाह इंग्लंडचे युवराज एडवर्ड ह्यांच्याशीं झाला. डॅगमारचें वाग्दान रशियाच्या युवराजाशीं झालें होतें. तो १८६५ सालीं वारला. आणि सतरा वर्षांच्या त्या शोकाकुल मुलीचें लग्न पुढील वर्षीं त्याच्याच धाकट्या भावाशीं लागलें. वर बदलला, पण सोयरीक सुटली नाहीं!

ह्या सोयरिकीचें मोल वास्तविक १८६४ सालींच कळावयास हवें होतें. प्रशिया व ऑस्ट्रिया ह्यांनीं डेन्मार्कपासून श्लेस्विग-होल्स्टाइन हिसकावून घेतलें, तेव्हां लेक इंग्लंडच्या युवराजाच्या घरांत असूनही इंग्रजांचें सैन्य तिच्या माहेरच्या मदतीस गेलें नाहीं.

पुढें दोघींचे पुत्र सिंहासनावर बसले. इंग्लंडचे पंचम जॉर्ज (ज्यांच्या आगमनाच्या स्मरणार्थ मुंबईस 'गेटवे ऑफ इंडिया' उभारला गेला तेच हे) व रशियाचे निकोलस हे मावसभाऊ दिसण्यांत जणुं जुळे भाऊ. जर्मनीचा कैसर विल्यम हा जॉर्जचा आतेभाऊ, आणि निकोलसची राणी ही जॉर्जची आतेबहीण. १९१४ सालीं कैसर व निकोलस ह्यांनीं 'विली' आणि 'निकी' अशा लाडक्या नांवांनीं एकमेकांस तारा पाठविल्या, तरी युद्ध टळलें नाहीं. नातें माणसांमाणसांत असतें. युद्ध मात्र मंत्री, सेनापति आणि तह ह्यांच्या हातीं गेलेलें होतें.

परंतु माणसाच्या हातीं जें होतें त्याचें काय? १९१७ सालीं निकोलस पदच्युत झाले. इंग्लंडनें प्रथम त्यांस आश्रय देऊं केला. पण खुद्द जॉर्ज ह्यांच्याच आग्रहावरून तें आमंत्रण मागें घेण्यांत आलें, आणि १९१८ च्या जुलैंत निकोलस सहकुटुंब मारले गेले. प्रजा बिथरली असती, स्वतःचेंच सिंहासन सांभाळणें राजास भाग होतें, असें कित्येक म्हणतात. आम्हांस हें पुरतें पटत नाहीं. दारीं आलेल्या भावास परत लावणें हें राजनीतींत बसत असेल. म्हणून तें योग्य ठरत नाहीं.

बहिणींनीं मात्र नातें सोडलें नाहीं. १८९४ सालीं डॅगमार विधवा झाली तेव्हां अलेक्झांड्रा रशियांत तिच्याजवळ जाऊन राहिली. १९०६ सालीं दोघींनीं मिळून कोपनहेगनजवळ समुद्रकांठीं एक घर विकत घेतलें. क्रांतीनंतर डॅगमार क्रिमियांत अडकली, तेव्हां १९१९ च्या एप्रिलांत एका इंग्रज युद्धनौकेनें तिला सोडवून आणिलें. त्यामागें थोरल्या बहिणीची तळमळ होती. मुलगा मारला गेला हें डॅगमारनें अखेरपर्यंत मानलें नाहीं. अलेक्झांड्रा १९२५ सालीं निवर्तली. तीन वर्षांनीं धाकटीनें प्राण सोडला तो त्या समुद्रकांठच्या घरांतच.