पॅडल सुचवण्याआधी

नवा खेळाडू चौथ्या-पाचव्या दिवशी विचारतोच, ‘सर, पॅडल कुठलं घेऊ?’ पुण्या-मुंबईच्या पिकलबॉल कोर्टांवर या प्रश्नाचे उत्तर हल्ली फार झटपट मिळते. नुसते करून बघायचे असेल तर लाकडी, मनावर घेतले असेल तर कार्बनचे, आणि स्पर्धा खेळायच्या असतील तर टीव्हीवर दिसणारा खेळाडू वापरतो ते. पातळ्या तीन, किमतीही तीन. दुकानदाराने अशी मांडणी केली तर नवल नाही, त्याला माल हलवायचा असतो. पण प्रशिक्षकही तीच री ओढू लागला आहे, आणि ते आम्हाला पटत नाही.

मुळात आपल्याकडचा नवा खेळाडू क्वचितच कोरा असतो. पिकलबॉलचे कोर्ट ४४ फूट बाय २० फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढेच. त्यामुळे हा खेळ आपल्याकडे बॅडमिंटनच्या हॉलमधून शिरला आणि खेळाडूही तिथलेच आले. त्यांच्या हाताला ८०-९० ग्रॅमच्या रॅकेटची सवय असते. पॅडल भरते २१० ते २४० ग्रॅम. मनगटाने फटका मारण्याची जुनी सवय आणि अडीच पट वजन एकत्र आले की कोपर बोलू लागते. अशा खेळाडूला २२० ग्रॅमच्या आतले, वजन मुठीकडे झुकलेले पॅडल द्यावे आणि फटका खांद्यातून घ्यायला शिकवावे. टेनिसवाल्याचे उलट असते. त्याला ३०० ग्रॅमची सवय, त्यामुळे वजनाची तक्रार नसते. पण दोन हातांच्या बॅकहँडसाठी लांब मूठ हवी असते. लांब पॅडल त्याला लगेच आवडते. इथे नियमाचा काच लक्षात घ्यावा : लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांच्या वर जाता येत नाही, आणि लांबी १७ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे लांबीत जे मिळवले ते रुंदीत गमावले. साडेसोळा इंची पॅडल साडेसात इंचच रुंद राहते आणि चेंडू मधोमध लागला नाही तर हातात फिरते. टेबल टेनिसवाल्याला आखूड मूठ सोसते, कारण त्याचे बोट आपोआप पॅडलच्या पाठीवर जाते.

उरला तो हातात कधी काहीच न धरलेला. सोसायटीच्या कोर्टवर सकाळी येणारे आजी-आजोबा यातच आले. त्यांना १६ इंच बाय ८ इंचांचे रुंद, १६ मिलिमीटर जाडीचे, पॉलिप्रॉपिलीनच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या गाभ्याचे पॅडल द्यावे. पृष्ठभाग फायबरग्लासचा चालेल, किंबहुना तोच बरा. कार्बन चेंडूचा वेग आवरतो, फायबरग्लास थोडा जोर पदरचा घालतो, आणि ज्याच्या दंडात जोर कमी त्याला तो हवाच असतो. सहसा अशी पॅडल कार्बनपेक्षा स्वस्तही असतात. लाकडी मात्र टाळावे. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ जन्मला, त्या सुरुवातीच्या काळात पॅडल प्लायवूडची बनवत. १९८४ मध्ये आर्लेन पॅरँटो या बोइंगच्या अभियंत्याने विमानात वापरतात तसल्या, पोळ्यासारख्या गाभ्याच्या हलक्या फळीपासून पॅडल बनवले आणि लाकडाची सक्ती संपली. पाव किलोच्या पुढे जाणारी ती लाकडी फळी आज आपण सत्तरीच्या माणसाच्या हातात का द्यावी? मुठीचा घेर निवडताना शंका आली तर बारीक घ्यावा. वर ओव्हरग्रिप गुंडाळून तो वाढवता येतो, जाड मूठ तासता येत नाही. किनारपट्टीच्या घामात ओव्हरग्रिप लागणारच आहे.

पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते मधल्या पातळीवर. साडेतीनच्या आसपास रेटिंग अडकले की खेळाडू पॅडल बदलतो, दोन महिन्यांनी पुन्हा बदलतो. रेटिंग निकाल सांगते, दोष सांगत नाही. दोष प्रशिक्षकाने सांगायचा. खेळाडूचे गुण कुठे जातात ते दोन-तीन सामने बसून लिहून काढा. सर्व्हिस आणि तिच्या परतीनंतरचा तिसरा फटका उंच पडतो, किचनच्या (जाळीजवळच्या, हवेतला चेंडू मारायला मनाई असलेल्या पट्ट्याच्या) रेषेवर डिंक, म्हणजे जाळीपलीकडे हलकेच टाकलेला चेंडू, उडतो असे असेल तर १६ मिलिमीटरची जाडी उपयोगी पडते. डिंक नीट बसतात पण समोरून जोरात आलेल्या चेंडूला उत्तर देता येत नाही, असे असेल तर १४ मिलिमीटरचे हातात देऊन पाहावे. चेंडू कडेला लागून पॅडल वळत असेल तर नव्या पॅडलची गरजच नाही. दोन्ही बाजूंच्या कडांना, मध्यावर, दोन-तीन ग्रॅमची शिशाची पट्टी लावून बघा. कित्येकदा हजारो रुपयांचे काम तेवढ्यात होते. आणि पाय वेळेवर पोहोचत नसतील तर कुठलेही पॅडल काही करू शकणार नाही.

पायांवरून आठवले. महागडे कार्बन पॅडल आणि पायात धावण्याचे बूट, हे दृश्य रोजचे आहे. धावण्याचा बूट पुढे जाण्यासाठी बांधलेला असतो. त्याचा उंच, मऊ तळ आडव्या हालचालीत घोटा मुरगळायला मदत करतो. कोर्टचे बूट आधी, पॅडल नंतर, असे प्रत्येक प्रशिक्षकाने सांगावे. चष्म्याचेही तसेच. दोन्ही बाजूंचे खेळाडू किचनच्या रेषेवर आले की त्यांच्यात जेमतेम १४ फूट उरतात. पॉलिकार्बोनेटचा चष्मा नवख्यालाही हवा आणि पटाईतालाही.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पॅडल मान्यताप्राप्त यादीत आजही आहे का. अमेरिकेच्या संघटनेने २०२४ मध्ये काही गाजलेली पॅडल यादीतून काढली, २०२५ मध्ये आणखी काही गेली. २०२५ मध्ये गेलेल्यांचे कारण चेंडू प्रमाणाबाहेर उसळवणे हे होते. दुसरी, पॅडलची झीज. कार्बनचा खरखरीतपणा काही महिन्यांत घासला जातो, फिरकी कमी होते. याउलट जुने पॅडल एकाएकी ‘जोरात चालायला’ लागले तर खूश होऊ नये. आतला गाभा चेपला असेल किंवा पृष्ठभाग सुटला असेल. बोटाने टिचकी मारत सगळीकडचा आवाज ऐकावा. एखादी जागा पोकळ वाजली तर ते पॅडल स्पर्धेत नेऊ नये. उष्णतेने असे लवकर होते, हे मे महिन्यात पॅडल गाडीच्या डिकीत ठेवणाऱ्यांना तर वेगळे सांगायला नको.

चेंडूबद्दल थोडेच. हॉलमध्ये २६ छिद्रांचा मऊ चेंडू, उघड्यावर ४० छिद्रांचा कडक. शिकाऊ गटाला हॉलमध्ये कडक चेंडू देऊन रॅली तोडू नये. जाळी मात्र सगळ्यांना सारखीच : कडेला ३६ इंच, मध्यावर ३४. बॅडमिंटनची जाळी खाली ओढून कशीबशी बांधलेल्या कोर्टवर शिकलेला ड्रॉप दुसऱ्या कोर्टवर जाळीत जातो.

आता नाजूक मुद्दा. पॅडल विकण्यावर प्रशिक्षकाला कमिशन मिळते, हे या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. ते घेण्यात गैर काही नाही, लपवण्यात आहे. ज्या ब्रँडचे कमिशन तुम्ही घेता त्याचे नाव कोर्टच्या फलकावर लिहा. शिवाय क्लबच्या खर्चाने चार पॅडल ठेवा : एक हलके, एक रुंद, एक लांब मुठीचे, एक १४ मिलिमीटरचे. नव्या खेळाडूला महिनाभर ती आलटून पालटून खेळू द्या, आणि त्याआधी त्याला पॅडल विकत घ्यायला सांगू नका.