कोपऱ्यातल्या खेळाडूचा भाव

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले आणि दुसऱ्या दिवशी बातमी झाली ती त्याचीच. पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुई या इराणी डाव्या कोपरारक्षकाला २ कोटी ३५ लाखांना घेतले, ते खाली दोन ओळींत आटोपले. आमच्या मते जपून ठेवावी अशी नोंद ती दुसरीच होती. पकड करणारा चढाई करणाऱ्याच्या पंगतीला येऊन बसला, याला नियम छापले गेल्यापासून बरोबर शंभर वर्षे लागली.

हुतूतू, म्हणजे कबड्डी, पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात होता. साताऱ्या-पुण्याकडच्या मंडळींनी त्याला नियमांत बसवायला घेतले आणि १९२३ साली ते छापले. तेव्हा गावोगाव वेगवेगळ्या तऱ्हा चालत. ‘अमर’मध्ये बाद झालेला गडी मैदानातच राही, समोरच्याला नुसता गुण मिळे. ‘गमिनी’त बाद झालेला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. ‘संजीवनी’त समोरचा एक बाद झाला की आपला एक आत येई. पुढे देशभर संजीवनीच रुजली आणि पकडीला खरे मोल आले, कारण एका पकडीत समोरचा हुकमी गडी बाहेर जातो आणि आपला बसलेला सोबती परत येतो. पण याच नियमाने चढाईवाल्यालाही नायक केले. त्याला एका दमात तीन-चार गडी उठवता येतात. कोपऱ्यातल्याच्या वाट्याला एका वेळी एकच पकड येते. टाळ्या कोणासाठी वाजणार हे तेव्हाच ठरले.

कोपरारक्षकासारखाच अमेरिकन फुटबॉलमध्ये सगळ्यांच्या मागे उभा राहणारा ‘सेफ्टी’ असतो. पुढची फळी फुटली की धावून येणाऱ्याला अडवायचे काम त्याचे. चुकला तर सगळ्या स्टेडियमला दिसतो, एरवी कॅमेरा त्याच्याकडे वळतही नाही. तो खेळ आपल्याकडे आणायचा प्रयत्न २०१२ साली बालेवाडीत झाला. ‘पुणे मराठाज’ आणि ‘हैदराबाद स्कायकिंग्ज’ असे संघही निघाले, पण मूळ धरले नाही. धरणार तरी कसे? अडवण्याची हौस भागवणारा खेळ इथे आधीपासून होता, आणि त्याला हेल्मेट लागत नव्हते.

कोपऱ्यातले काम जवळून पाहावे. हा खेळाडू चढाईवाल्याच्या तोंडाकडे बघत नाही, नजर टाचेवर असते. चढाईवाला बोनससाठी पुढचा पाय टाकतो, मागचा हवेत उचलतो, त्याच क्षणी खाली बसून घोटा धरायचा. अर्धे पाऊल घाई झाली तर स्वतःच बाद, उशीर झाला तर तो वळून मध्यरेषेपार. घोटा हाती आला तरी निम्मेच काम झाले. शेजारचा मध्यरक्षक येऊन अंगावर पडेपर्यंत ऐंशी किलोचा झटका बोटांनी आणि खांद्याने एकट्याने सोसायचा. या कामात गुडघे, खांदे आणि बोटांचे सांधे जातात. चढाईवाल्यालाही दुखापती होतात, नाही असे नाही, पण लाथ बहुधा कोपऱ्यातलाच खातो.

खांदा झिजेपर्यंत या कोपरारक्षकाला पोसले कोणी? १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, १९५० साली राष्ट्रीय संघटना झाली, बुवा साळवींसारख्या संघटकांनी आयुष्य वेचले, हे सगळे खरे. पण घर चालले ते नोकरीवर. आधी मुंबईच्या गिरण्यांच्या संघांनी पोसले, मग रेल्वे, पोलीस, बँका आणि तेल कंपन्यांनी. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून दाखवली गेली आणि त्याच वर्षीच्या गिरणी संपाने गिरणगावचा कणा मोडला. १९९० साली बीजिंगला पहिले सुवर्ण आले, त्या संघामागे अशाच नोकऱ्यांचा आधार होता. गुडघा गेला तरी पगार सुरू राहायचा, आणि म्हणूनच आई-बाप पोराला कोपऱ्यात उभे राहू देत होते.

२०१८ साली जकार्तातल्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ असे हरवले, ते बचावाच्या जोरावर. महिलांचे सुवर्णही इराणने नेले आणि त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन! घरची विद्या बाहेर जाऊन शहाणी होऊन परतली. त्याच वर्षीच्या लिलावात सहा जणांना कोटी किंवा त्याहून जास्त मिळाले होते, पण त्यांत निखळ बचावपटू एकच, इराणचा फझल अत्राचली. म्हणजे कोपऱ्याला भाव आला तो परक्याच्या हातून. आमच्या कल्याणच्या गिरीश एर्नाकसारखे कोपरारक्षक होतेच की, पण त्यांच्यावर बोली लावायला कोणी एवढे उतावीळ नव्हते.

आमच्या तेलंगणातल्या आदिलाबादेतून हा हिशोब वेगळा दिसतो. हैदराबादचा टायटन्स हा इथला घरचा संघ, पण घरात बोली मराठी, तेलुगू आणि गोंडी. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके तोडून मुंबई राज्यात दिले गेले, पैनगंगेच्या अलीकडची बेला-जैनदची मराठी गावे इकडेच राहिली. २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. इथली जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चिखल होतो. त्यावर घोटा धरायला शिकलेल्या पोराला मॅटवर सगळे नव्याने शिकावे लागते, कारण तिथे पायाची पकड वेगळी असते आणि पडल्यावर कातडी वेगळी सोलते. हंगामाचे गणितही उलटे. अनेकदा लीग रंगते तेव्हा शेतात कापूस वेचायला माणसे हवी असतात.

२०२३ च्या लिलावात सगळ्यांत खालच्या ‘ड’ गटाची पायाभूत किंमत ९ लाख होती. गावाकडे ही रक्कम मोठी वाटते, आणि आहेही. पण ती एका हंगामाची. पुढच्या लिलावात नाव पुकारले गेले नाही तर काही नाही, आणि खांदा निखळलेल्या कोपरारक्षकाचे नाव पुकारले जात नाही. अमेरिकेतल्या फुटबॉलपटूंनी १९५६ साली, म्हणजे आपल्याकडे राज्ये नव्याने आखली जात होती त्याच वर्षी, संघटना बांधली. आज तिथे तीन हंगाम पूर्ण केलेल्याला निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. मालकांच्या दयेने नव्हे, भांडून मिळवलेला. आपल्या कबड्डीपटूंनी लिलावाचा हातोडा पाहिला, पण अशा हक्काची मागणी अजून कुठे जोराने ऐकू येत नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. आदिलाबाद स्थानक नांदेड विभागात येते आणि नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत. मराठी आणि तेलुगू दोन्ही पोरांना एकाच दाराने जाता येईल अशी नोकरी या जिल्ह्यात फारशी दुसरी नाही. रेल्वेने क्रीडा कोट्यात कबड्डीच्या जागा भरताना कोपरारक्षकांसाठी काही जागा वेगळ्या ठेवाव्यात. उटनूरच्या आदिवासी विकास यंत्रणेने आश्रमशाळांना मॅट द्यावेत आणि ते गोदामात न ठेवता अंथरावेत. लीगनेही दोन कोटींच्या बोलीतून थोडे बाजूला काढून ‘ड’ गटातल्या मुलाच्या गुडघ्याचा विमा हंगाम संपल्यावरही निदान दोन वर्षे चालू ठेवावा.