ठरावाच्या आधीची चर्चा

ग्रामपंचायत विकास आराखडा म्हणजे गावाच्या वाट्याला येणाऱ्या निधीतून आणि गावाच्या श्रमातून कोणती कामे, कोठे आणि कोणत्या क्रमाने करावयाची हे ठरवणारा वार्षिक दस्तऐवज. त्याच्या गुणवत्तेविषयी प्रशिक्षण वर्गांत आणि आढावा बैठकांत जे बोलले जाते ते बहुतेक वेळा निधीचे प्रमाण, संगणकीय नोंदीची मुदत आणि कामांची अंदाजपत्रके यांच्याभोवती फिरते. ज्या ग्रामसभेत हा आराखडा मंजूर होतो तेथे प्रत्यक्ष काय बोलले गेले, कोणाला बोलताच आले नाही आणि बोललेल्यापैकी कागदावर काय उतरले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ग्रामपंचायत अधिकारी, विस्तार अधिकारी, नगररचनाकार, अभियंते आणि गावपातळीवरील कार्यकर्ते यांच्यापुढे या अंकात हाच प्रश्न ठेवला आहे. ग्रामसभेतील चर्चा ही तयार आराखड्यावर उमटवावयाची मोहोर नसून आराखडा जिच्यातून घडतो ती मूळ सामग्री आहे, आणि ती सामग्री गोळा करण्याच्या व जपून ठेवण्याच्या आपल्या पद्धती फार दुबळ्या आहेत, अशी या मासिकाची भूमिका आहे.

कायद्याने ग्रामसभेला दिलेले स्थान लहान नाही. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्व व्यक्तींच्या या सभेला घटनात्मक मान्यता दिली, पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत नोंदवले आणि सभेचे प्रत्यक्ष अधिकार ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्या कलम ७ नुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सभेची गणपूर्ती, म्हणजे कामकाज वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती यांपैकी जी कमी असेल ती धरली जाते. पाच हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे म्हणजे शेकडा दोन, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली तर तीही अट उरत नाही. त्यामुळे गणपूर्ती झाली म्हणजे गाव बोलले, असे मानण्याची सवय नियोजकाने सोडली पाहिजे.

उपस्थितीपेक्षाही अंतराचा प्रश्न अधिक खोल आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या दिवशी सभा मुख्य गावठाणात भरते. पण कोकणातील वाड्या, पालघर-नाशिककडचे पाडे, मराठवाड्यातील तांडे आणि शेतात घर करून राहिलेल्या कुटुंबांच्या वस्त्या या गावठाणापासून कोसभर दूर असू शकतात, आणि गट ग्रामपंचायतीत तर अनेक स्वतंत्र गावे एकाच सभेत एकत्र बसतात. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली झालेल्या पेसा कायद्याने आणि त्याखालील महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी या अडचणीवर एक मार्ग काढला : जी वस्ती वा पाडा परंपरेने आपला व्यवहार स्वतः पाहतो त्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळू शकते आणि त्याची ग्रामसभाही स्वतंत्र असते. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या गावांना असा मार्ग नाही. केरळमध्ये मात्र १९९६ साली सुरू झालेल्या लोकनियोजन मोहिमेत ग्रामसभा प्रभाग पातळीवर घेण्यात आली, राज्याच्या योजनेतील ३५ ते ४० टक्के निधी स्थानिक संस्थांकडे वळवण्याचा निर्णय झाला आणि सभेत जमलेल्या लोकांना शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण अशा विषयांच्या लहान गटांत बसवून बोलते करण्यात आले. त्या गटांतून निघालेले मुद्दे पुढे विकास अहवालात, परिसंवादात आणि कार्यदलांत गेले. मोठ्या जमावासमोर उभे राहून बोलण्याचे बळ फार थोड्यांकडे असते, हे ओळखून सभेची रचनाच बदलण्याचा तो प्रयत्न होता. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात महिला सभा, बालसभा, वंचित घटकांची सभा आणि प्रभागनिहाय बैठका यांची तरतूद आहे. ती मनापासून वापरली तर कायदा बदलण्याची वाट न पाहताही पुष्कळ साधता येईल.

शेजाराच्या तक्रारी आणि नियोजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा एक समज या क्षेत्रात रुजला आहे. सांडपाणी रस्त्यावर येते, पाणंद अडवली आहे, विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नाही, असे विषय सभेत निघाले की ते किरकोळ समजून ऐनवेळच्या विषयांत, म्हणजे विषयपत्रिका संपल्यावर उरलेल्या वेळात, ढकलले जातात. वास्तविक अशी प्रत्येक तक्रार ही विशिष्ट ठिकाणाविषयी आणि विशिष्ट वेळेविषयी दिलेली माहिती असते, आणि ती कोणत्याही सर्वेक्षणाच्या तक्त्यात सापडत नाही.

सांडपाण्याचेच उदाहरण घ्यावे. समजा, उतारावर वसलेल्या एखाद्या गावात वरच्या आळीने सिमेंटच्या गटाराची मागणी केली. मागणी रास्त आहे. ठराव होतो, अभियंता धावत्या मीटरप्रमाणे अंदाजपत्रक करतो, काम पूर्ण होते आणि वरची आळी कोरडी होते. ते पाणी जाते कोठे, हा प्रश्न सभेत निघालेला नसतो. ते उताराच्या टोकाला असलेल्या वस्तीच्या दारात साचते, आणि आपल्या गावांची रचना पाहता ती वस्ती पुष्कळदा दलितांची असते. किंवा ते ओढ्याला मिळते आणि त्याच ओढ्याकाठच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत झिरपते. खालच्या वस्तीतील स्त्रिया त्याच सभेत असत्या आणि त्यांना विचारले गेले असते, तर हातपंपाच्या कट्ट्याशी पाणी कधी तुंबते आणि डास कोणत्या महिन्यात वाढतात हे त्यांनी सांगितले असते. मग शोषखड्ड्यांचा, म्हणजे दगडगोटे भरून सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांचा, पर्याय पुढे आला असता. नांदेड जिल्ह्यात असे खड्डे मोठ्या प्रमाणावर झाले आहेत. परंतु मुरमाड जमिनीत उत्तम चालणारा शोषखड्डा काळ्या चिकण मातीत लवकर तुंबतो, आणि गावातील कोणत्या आळीखाली मुरूम आहे व कोणत्या आळीखाली काळी माती, हे घरांचे पाये खणलेल्या गवंड्याला आणि शेतकऱ्याला ठाऊक असते. म्हणजे गटार, शोषखड्डे, परसबागा किंवा गावाबाहेर स्थिरीकरण तळे यांतून निवड करण्यासाठी लागणारे ज्ञान वरची आळी, खालची वस्ती, गवंडी आणि अभियंता यांच्यात वाटलेले असते. ते चौघे एकाच वेळी एका नकाशासमोर बसले तरच निवड शहाणपणाची होते. अशा बैठकीला नियोजन म्हणावे. तिच्याशिवाय झालेले गटार हे केवळ बांधकाम होय.

अशी निवड घडायची तर सभेपुढे पर्याय असावे लागतात, आणि पर्याय ठेवायचे तर मर्यादाही उघडपणे सांगाव्या लागतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे तो पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करता येत होता, आणि उरलेला ४० टक्के भाग अबंधित होता. ही साधी विभागणी किती ग्रामसभांत आकड्यांसह फळ्यावर मांडली गेली असेल? ती न मांडता लोकांना मागण्या विचारल्या तर मागण्यांची यादी लांबत जाते, त्यातील बहुतेक मागण्या पुढे गळतात, आणि लोक सभेला येणे सोडतात; नंतर त्यांच्या अनुपस्थितीचे कारण उदासीनता असे नोंदवले जाते, हा त्यांच्यावर अन्याय आहे. हिवरे बाजार या गावाने दाखवलेला मार्ग याच्या नेमका उलट आहे. तेथे पावसाळ्यानंतर पडलेल्या पावसाचा हिशेब गावापुढे ठेवला जातो, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी लागणारे पाणी आधी बाजूला काढले जाते आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात हे ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी विंधनविहीर न घेण्याचे आणि उसासारखी तहानलेली पिके टाळण्याचे निर्बंध त्या गावाने पाळले, त्याला अनेक कारणे असतील. पण हिशेब सर्वांनी पाहिलेला होता, हे त्यांतील महत्त्वाचे कारण मानावे लागेल.

चर्चेला किती वेळ द्यावा, याचा धडा गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाकडून घेण्यासारखा आहे. देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने तेथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत रुजली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे निर्णयाच्या सभेपासून अभ्यासगट वेगळा ठेवण्यात आला. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, कायदा वाचायचा. निर्णयाचे ओझे तेथे नसते, म्हणून शंका मोकळेपणाने विचारता येतात. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याचा समावेश झाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, त्यामागे या अभ्यासाची अनेक वर्षांची तयारी होती. सर्वसहमतीची रीत मोठ्या आणि जातींनी विभागलेल्या गावांत जशीच्या तशी चालेल असे म्हणता येणार नाही, कारण तेथे सहमतीच्या नावाखाली दुबळ्याचे मौन गृहीत धरले जाण्याचा धोका मोठा असतो. अभ्यास आणि निर्णय यांची फारकत मात्र कोणत्याही गावाला करता येईल.

ग्रामसभा पैशाच्या कामांवर बोलते आणि जमिनीच्या वापरावर जवळजवळ बोलतच नाही, ही उणीव अधिक गंभीर आहे. कारण रस्ता दहा वर्षांनी पुन्हा करता येतो, पण प्लॉट पडून विकली गेलेली जमीन परत मिळत नाही. महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनींच्या अकृषिक वापराची वाट सोपी केली. गावाभोवतीच्या याच पट्ट्यात खळी, पाणंदी, ओढ्यांची पात्रे आणि जनावरांच्या जागा असतात, आणि शहरांलगतच्या गावांत तेथेच सर्वांत वेगाने घरे उभी राहत आहेत. या पट्ट्यात रस्ते कोठून जावेत, ओढा किती रुंद राखावा, शाळेसाठी आणि स्मशानासाठी जागा कोठे ठेवावी, हे प्रश्न विषयपत्रिकेवर येत नाहीत. स्वामित्व योजनेखाली झालेल्या ड्रोन मोजणीमुळे अनेक गावांच्या गावठाणांचे नकाशे आता उपलब्ध झाले आहेत. मिळकत पत्रिका वाटल्यावर ते कपाटात न ठेवता सभेच्या भिंतीवर लावले पाहिजेत.

गोव्याचा अनुभव या संदर्भात आवर्जून अभ्यासावा असा आहे. २००६ साली अधिसूचित झालेली प्रादेशिक योजना २०११ लोकांच्या तीव्र विरोधामुळे २००७ च्या आरंभी मागे घ्यावी लागली, आणि त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिदलाने प्रादेशिक योजना २०२१ तयार करताना गावनिहाय नकाशे ग्रामसभांपुढे सूचनांसाठी ठेवले. गावांनी आपापले उतार, खाजने म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनी, झरे आणि देवराया त्या नकाशांवर दाखवल्या. पुढे २०१२ साली ती योजना स्थगित झाली आणि २०१८ व २०२३ च्या कायदेदुरुस्त्यांनी एकेका भूखंडाचा वापर स्वतंत्रपणे बदलण्याचा रस्ता उघडला. गावाने सामूहिकपणे विचार केलेला नकाशा अर्जागणिक बदलू लागला तर पुढच्या वेळी गावाने विचार कशासाठी करावा, हा तेथील ग्रामसभांनी विचारलेला प्रश्न महाराष्ट्रातील नियोजकांनाही चुकवता येणार नाही.

आता नोंदीकडे वळावे. इतिवृत्त, ज्याला बोलीत प्रोसिडिंग म्हणतात, त्यात सामान्यतः विषय, सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच लिहिले जाते. ई-ग्रामस्वराज प्रणालीवर कामाचे नाव आणि रक्कम नोंदली जाते, कारण नोंदले जात नाही. परिणामी एखादी मागणी का मान्य झाली आणि दुसरी का मागे ठेवली, हे वर्षभरानंतर कोणालाच सांगता येत नाही. मागणी काय होती, ती कोणत्या वस्तीची होती, तिच्याविषयी कोणती मते मांडली गेली, निर्णय काय झाला आणि त्याचे कारण काय, एवढे रकाने इतिवृत्तात असावेत. नाकारलेल्या वा पुढे ढकललेल्या मागण्यांची स्वतंत्र वही असावी आणि पुढच्या ग्रामसभेचा पहिला विषय म्हणून ती वाचली जावी. कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेचे म्हणणे केवळ सोबत न जोडता विषयपत्रिकेवर स्वतंत्र विषय म्हणून यावे. कार्यपद्धती स्पष्ट असली की चर्चेला वजन येते, हे दारूबंदीच्या मतदानात दिसले आहे : २००८ च्या आदेशानुसार गावातील २५ टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली तर मतदान घ्यावे लागते आणि एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बंदीच्या बाजूने मत दिले तर दुकान बंद होते. आपल्या बोलण्याचे पुढे काय होणार हे स्त्रियांना ठाऊक होते, म्हणून त्या एकत्र आल्या.

एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे पुष्कळदा एकाहून अधिक गावांचा कारभार असतो, आणि सभा चालवणे, उत्तरे देणे व लिहिणे ही तिन्ही कामे त्याच्याकडून एकाच वेळी अपेक्षिली जातात. त्यामुळे चर्चेची नोंद घेण्यासाठी गावातीलच शिक्षक, पदवीधर तरुण किंवा बचत गटाची सदस्य यांना सभेने नेमावे, आणि जिल्हा पातळीवरील प्रशिक्षणात इतिवृत्तलेखनाला अंदाजपत्रकाइतकाच वेळ मिळावा, अशी या मासिकाची आग्रहाची मागणी आहे. ज्या ग्रामपंचायतींनी कारणांसह इतिवृत्त लिहिण्याचा प्रयत्न केला असेल त्यांनी, व्यक्तींची नावे वगळून, त्याचे नमुने संपादकांकडे पाठवावेत. ते पुढील अंकांतून क्रमाने प्रसिद्ध केले जातील.