चेअरमन पडद्यावरचा, आकडे अहवालातले



येरमाळ्याला येडाईच्या चैत्री यात्रेत तंबूचं टॉकीज लागायचं, त्या काळातली ही गोष्ट आमचे दादा नेहमी सांगत. दादा पाच एकरांचे सभासद, शाळा चौथीपर्यंत. त्या तंबूत त्यांनी ‘सामना’ पाहिला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी काढलेला. १९७५ साली तो पार बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आला. निळू फुले त्यात साखर कारखानदार हिंदुराव झाले होते आणि डॉ. लागूंचा दारुडा मास्तर त्यांना मारुती कांबळेचं काय झालं, एवढा एकच प्रश्न सारखा विचारीत होता. तंबूत शिट्ट्या, शिव्या, सगळं झालं. परत येताना बैलगाडीत दादा म्हणाले म्हणे, "पाटील वाईट, हे समद्यास्नी कळलं. पर त्या सालात साखर किती निघाली आन् उसाला काय दिलं, ते कुणी सांगितलंच न्हाई."

मंडळी हसली. मलाही पुष्कळ वर्षे हा विनोदच वाटत होता.

निळूभाऊंचा माणूस म्हणून विचार केला, तर गंमतच आहे. गावोगाव बाया त्यांना बघून घाबरायच्या. आणि हा गृहस्थ राष्ट्र सेवा दलातला, पुण्यात माळीकाम केलेला. १९७९ साली ‘सिंहासन’ आला, त्यात तेच पत्रकार झाले आणि मुख्यमंत्र्याची खुर्ची कशी हलते ते बघत हिंडले. आता त्याच सुमारास खरोखर काय चाललं होतं बघा. ऑगस्ट १९७८ मध्ये जनता सरकारने साखरेवरचं नियंत्रण उठवलं. भाव कोसळले, कारखाने अडचणीत आले, उसाच्या बिलांची रड सुरू झाली. जुलै १९७९ मध्ये ते सरकारच गेलं आणि डिसेंबरात नियंत्रण परत आलं. खुर्ची कोणाची गेली, हे आमच्या गावात अजून लोक सांगतील. साखरेचा भाव का पडला, हे सांगणारा माणूस शोधावा लागेल.

आजही तेच आहे, फक्त तंबूच्या जागी मोबाईल आला. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला गाणं लावून व्हिडिओ फिरतो, दुसऱ्या गटाची पोरं त्याला उत्तर म्हणून दुसरं गाणं लावतात. वार्षिक सभेत कोण कोणावर धावून गेला, ते संध्याकाळपर्यंत येडशीच्या चौकात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. अहवाल मात्र पिशवीतून निघत नाही. आमच्या घरी एकदा त्यावर पापड वाळत घातले होते, तेव्हा मी दुसऱ्याला काय बोलणार!

पण एक हिशेब मांडतो, कागद-पेन्सिल घ्या. २०१८-१९ ला एफआरपी टनाला २,७५० रुपये होती, १० टक्के उताऱ्याला. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती ३,५५० झाली, १०.२५ टक्के उताऱ्याला. ही वाढ आपल्या घामाचीच आहे, आणि खत-मजुरी बघता मी तर तीही कमीच म्हणेन. आता साखरेची किमान विक्री किंमत बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती किलोला ३१ रुपये ठरली आणि पुढे कितीतरी हंगाम तिथेच बसून राहिली. १०.२५ उताऱ्याला एका टनातून १०२.५ किलो साखर निघते. ३१ रुपयांनी तिचे ३,१७७ रुपये ५० पैसे होतात. बाजारात भाव याहून बरा मिळतो आणि मळी, बगॅस, इथेनॉल यांचेही पैसे येतात, हे खरं. तरीपण साखर एकदम विकली जात नाही. ती गोदामात तारण राहते, बँकेकडून उचल घ्यायची, चौदा दिवसांत बिल द्यायचं आणि साखर विकेपर्यंत व्याज भरायचं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर बंधन घातलं, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठलं; मधल्या काळात इथेनॉलसाठी कर्ज काढून बसलेल्यांचं काय झालं असेल, ते तुम्हीच ताडा.

याचा अर्थ चेअरमन, संचालक सगळे धुतल्या तांदळाचे, असा कोणी काढू नये. मी कारखान्याचा पगारी माणूस, त्यामुळे तसा वास येईल, कबूल आहे. माझं म्हणणं उलट आहे. नुसतं ‘चोर, चोर’ ओरडलं की खऱ्या चोराला फार सोयीचं होतं. तारणाचं व्याज टनामागे किती पडलं, उतारा शेजारच्यापेक्षा अर्ध्या टक्क्याने का कमी, तोडणी-वाहतुकीचा खर्च कोणत्या गटात वाढला, असं विचारलं की उत्तर देणाऱ्याला घाम फुटतो.

आणि त्यात माझाही नंबर लागतो. २०१४-१५ साली मी दुसऱ्या एका कारखान्यात होतो. नोंदीचं टार्गेट होतं. पाऊस दगा देणार हे दिसत असताना मी घरोघर जाऊन लागण वाढवा म्हणून सांगत फिरलो. कोणी बोअर घेतले, कोणी पाइपलाइन टाकली. मांजरा धरण कोरडं पडलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने प्यायचं पाणी आलं, तोपर्यंत माझ्या नोंदवहीतला बराच ऊस जनावरांच्या छावणीत गेला होता. एका म्हाताऱ्या सभासदाने मला फक्त एवढंच विचारलं, "साहेब, तुमच्या वहीत हिरीचं पाणी लिवायला रकाना न्हाई का?" नव्हता. एकरी टनेज होतं, बेण्याची जात होती, लागणीची तारीख होती. पाणी नव्हतं.

आता माझ्या गटात मी तो रकाना हाताने आखून घेतला आहे. विहिरीला मार्चमध्ये किती पाणी राहतं ते विचारल्याशिवाय आडसालीची नोंद घेत नाही. ठिबक असेल तरीसुद्धा विचारतो. त्यावरून दोन-चार जण रागावले आहेत, वरूनही विचारणा झाली.

सप्टेंबरात वार्षिक सभा आहे. त्याआधीच्या आठवड्यात रोज दुपारी चारनंतर मी येडशीच्या गट ऑफिसात अहवाल घेऊन बसणार आहे. ज्यांना ताळेबंद वाचता येत नाही त्यांनी मुलीला, सुनेला घेऊन यावं. बाकडी दोनच आहेत, पण चहा माझ्याकडून.

— ऊस विकास अधिकारी, येडशी गट